ओढ्याच्या खालच्या अंगाचा शेजारी

मनुष्य आपल्या अंगणात जे करतो त्याचा जाब त्याने कोठपर्यंत द्यावा? बांधापर्यंत, की बांधाच्या पलीकडेही? हा प्रश्न नवा नाही. परंतु आमच्या खेड्यांतील मंडळ्यांपुढे तो आज एका अगदी साध्या रूपाने उभा आहे, आणि ते रूप म्हणजे गोठ्यामागचा उकिरडा व त्याच्या खालून वाहणारा ओढा. पावसाळ्यात उकिरड्यावर पाणी पडते, ते काळसर होऊन उताराने ओढ्यास मिळते, आणि ओढा ते घेऊन पुढच्या वस्तीकडे जातो. ज्याचा उकिरडा त्याने कोणास शिवी दिली नाही, कोणाचे काही चोरले नाही, कोणावर हात उगारला नाही. तरी त्याच्या हातून कोणाचे वाईट झाले काय? आणि झाले असेल तर तो दोषी आहे काय? या दोन प्रश्नांचा विचार वाचकांबरोबर करावा असे आमच्या मनात आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कारण ज्या गोष्टीची माहिती नाही तिच्याविषयी नीती सांगणे म्हणजे अंधारात काठी मारणे होय.

शेण ही मुळात तिरस्काराची वस्तू नव्हे. आपण त्याने भुई सारवितो, त्याच्या गोवऱ्यांवर भाकरी भाजतो, आणि त्याच्याच बळावर जमिनीतून ज्वारी-बाजरी काढतो. देशी गाय दिवसाला सुमारे दहा किलो शेण टाकते. संकरित गाय व म्हैस त्याहून अधिक. ज्याच्या दावणीला चार जनावरे आहेत त्याच्या घरी वर्षाकाठी चौदा-पंधरा हजार किलो तरी शेण जमते. पूर्वी जनावरे दिवसभर रानात चरत, आणि त्यांचे शेण गायरानावर व शेतांवर विखरून पडे. आता दुधाच्या धंद्यामुळे पुष्कळ गावांत गाई दिवसरात्र गोठ्यातच असतात. चारा त्यांच्याकडे येतो, त्या चाऱ्याकडे जात नाहीत. या धंद्याने अनेक गरीब कुटुंबांना हात दिला आहे, मुलांच्या शाळेचा खर्च चालविला आहे, हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करितो. परंतु त्याबरोबर शेण व मूत्र एकाच ठिकाणी साचू लागले, आणि ते ठिकाण बहुधा गोठ्यामागचा उतार असतो, जेथून पाणी आपोआप निघून जाते व आपणांस काही कष्ट पडत नाहीत.

शेतात जे सोने, ते ओढ्यात गेले म्हणजे काय होते? जनावरांच्या आतड्यांत असंख्य जंतू असतात. त्यांपैकी काही त्या जनावरास अपाय करीत नाहीत, परंतु मनुष्याच्या पोटात गेले असता हगवण, ओकारी व ताप उत्पन्न करितात. ई. कोलाय नावाच्या जंतूंचा एक प्रकार असा आहे की तो गाईच्या पोटात सुखाने राहतो व गाय अगदी निरोगी दिसते; पण तोच लहान मुलाच्या पोटात गेला तर रक्ताची हगवण लागते, आणि कधी कधी मूत्रपिंडे निकामी होऊन मूल दगावते. वासरांच्या शेणातून क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एक सूक्ष्म जीव पाण्यात येतो. त्याचे कवच इतके चिवट असते की विहिरीत व टाकीत टाकावयाच्या टी.सी.एल. पावडरीस तो दाद देत नाही. पाणी उकळल्यास मात्र तो मरतो. शेण-मूत्रातील नत्राचा काही अंश नायट्रेट होऊन जमिनीत मुरतो व विहिरीत उतरतो. पिण्याच्या पाण्यात तो एका लिटरात ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावा असे भारतीय मानक सांगते, कारण त्याने तान्ह्या मुलाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते व मूल निळे पडते. याखेरीज, शेण पाण्यात कुजताना पाण्यातील प्राणवायू शोषून घेते, त्यातील सत्त्वावर शेवाळ माजते, आणि डोहातील मासे मरून वर येतात.

याच मानकात असेही म्हटले आहे की शंभर मिलिलिटर पाण्यात, म्हणजे अर्ध्या पेल्यात, ई. कोलायचा एकही जंतू आढळता कामा नये. हा नियम इतका कडक का, असे कोणी विचारील. त्याचे कारण असे की हे जंतू माणसांच्या व जनावरांच्या विष्ठेतूनच येतात. ते पाण्यात दिसले म्हणजे विष्ठेची वाट त्या पाण्यापर्यंत उघडी आहे असे समजावे. आणि ज्या वाटेने एक पाहुणा आला त्या वाटेने दुसरेही येतील.

आता आमच्या लोकांत एक समजूत फार दृढ आहे, ती अशी की वाहते पाणी आपोआप शुद्ध होते. यात सत्याचा अंश आहे. ऊन, वाळू आणि वेळ यांनी पुष्कळ जंतू मरतात. परंतु आमच्या देशावरील ओढा काही बारमाही गंगा नव्हे. आषाढात तो लोंढ्याने धावतो, आणि उकिरड्यावरचे पाणी घटकाभरात पुढच्या गावी पोहोचविते. जंतूंस मरावयास अवकाशच मिळत नाही. मार्गशीर्षात त्याची डबकी होतात, आणि त्यांत जनावरे उभी राहून पाणी पितात व तेथेच शेण टाकतात. चैत्रात तो कोरडा पडतो, आणि बाया त्याच्या वाळूत झिरा खणून वाटीने घागर भरितात. शिवाय पुष्कळ गावांची नळयोजनेची विहीरही ओढ्याच्या काठीच खणलेली असते, कारण तेथेच पाणी लागते. वर थोडा मुरूम व खाली भेगा पडलेला काळा फत्तर अशी जमीन असली म्हणजे ओढ्याचे पाणी विहिरीत जावयास फार दिवस लागत नाहीत. म्हणून ओढा निराळा व पिण्याचे पाणी निराळे, असा जो भेद आपण मनात करितो तो जमिनीच्या पोटात टिकत नाही.

या बाबतीत कॅनडा देशात घडलेली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. तेथील ऑन्टारिओ प्रांतात वॉकर्टन नावाचे सुमारे पाच हजार वस्तीचे गाव आहे. गावास पाणी पुरविणाऱ्या विहिरींपैकी एक उथळ होती व तिच्याजवळच एक शेत होते. २००० सालच्या मे महिन्यात तेथे मुसळधार पाऊस झाला. शेतात घातलेल्या जनावरांच्या खतातील जंतू त्या पावसाच्या पाण्याबरोबर विहिरीत उतरले. दोन हजार तीनशेंच्या आसपास लोक आजारी पडले आणि सात जण मृत्यू पावले. पुढे न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांनी या प्रकरणाची चौकशी केली व २००२ साली अहवाल दिला. त्यात असे आढळले की पाणीपुरवठा ज्यांच्या हाती होता त्यांनी पाण्यात पुरेसे क्लोरिन घातले नव्हते व वहीत खोट्या नोंदी केल्या होत्या. सरकारनेही देखरेखीत कसूर केली होती. परंतु शेतकऱ्यासंबंधी न्यायमूर्तींनी म्हटले की त्याने चालू रीतीप्रमाणे योग्य तऱ्हेनेच खत घातले होते, आणि त्यास दोष देता येत नाही.

वाचकहो, आमच्या प्रश्नाचे मर्म येथेच आहे. खत शेतकऱ्याचे, शेतकरी निर्दोष, आणि सात माणसे गेली. तर मग या गोष्टीचा बोध काय घ्यावा? ज्याच्यावर दोष नाही त्याच्यावर काही कर्तव्यही नाही, असे म्हणावे काय?

आम्हांस असे वाटते की दोष आणि कर्तव्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत केल्यानेच पुष्कळ चांगली माणसे निश्चिंत झोपी जातात. दोष मागे पाहतो. कर्तव्य पुढे पाहते. दोष विचारतो, जे झाले ते तुला ठाऊक होते काय? कर्तव्य विचारते, आता ठाऊक झाले, तर तू काय करणार? ऑन्टारिओच्या लोकांनी त्या शेतकऱ्यास निर्दोष म्हणून प्रकरण मिटविले नाही. त्यांनी २००२ साली खत साठविण्या-घालण्यासंबंधी व २००६ साली पिण्याच्या पाण्याच्या उगमांच्या रक्षणासंबंधी कायदे केले. म्हणजे जे कृत्य काल निर्दोष होते तेच ज्ञान झाल्यानंतर उद्या निर्दोष राहणार नाही, हे त्यांनी ओळखले.

हा विचार आमच्या वाचकांस परका वाटू नये. निर्गमाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलासंबंधी जो नियम आहे तो पाहा. बैलाने अकस्मात कोणास मारले तर धनी सुटतो. परंतु बैल मारका आहे हे धन्यास पूर्वी कळविले असून त्याने त्यास बांधून ठेविले नाही, तर मात्र धनी अपराधी ठरतो. बैल तोच, शिंगे तीच, मेलेला मनुष्यही तसाच. भेद एवढाच की धन्यास सूचना मिळाली होती. त्याच अध्यायात उघड्या ठेविलेल्या खड्ड्याचाही नियम आहे: खड्डा खणून जो तो झाकीत नाही, त्याने त्यात पडलेल्या जनावराची भरपाई करावी. त्याने कोणास ढकलले नाही. त्याने केवळ झाकले नाही. उकिरडा हा असाच एक उघडा खड्डा आहे, आणि शेणात काय असते हे ज्यास एकदा कळले त्यास सूचना मिळाली आहे. जो हे वाचीत आहे तो यापुढे अजाण राहिला नाही.

कोणी म्हणेल, माझी एक गाय आणि दोन शेळ्या. माझ्याने काय एवढा ओढा नासतो? ही सबब ऐकावयास खरी वाटते, आणि गंमत अशी की ती ओढ्याकाठचे प्रत्येक घर देऊ शकते. वीस घरांपैकी प्रत्येकाने म्हणावे की माझ्याने काही होत नाही, आणि विसांच्या उकिरड्यांनी ओढा नासावा, हे तर आपण डोळ्यांनी पाहतो. खळ्यावर रास दाण्यादाण्याने होते, आणि मळणीच्या दिवशी कोणी असे म्हणत नाही की राशीत माझा दाणा नाही. वाटणीच्या वेळी जो आपला वाटा मोजून घेतो, त्याने नुकसानीच्या वेळीही आपला वाटा मोजावा हेच न्यायाचे आहे.

दुसरा म्हणेल, ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत पावडर टाकतोच; मग उकिरड्याची एवढी काळजी कशास? जलसुरक्षकाचे काम फार मोलाचे आहे, आणि ते नियमाने झाले पाहिजे. वॉकर्टन येथे तेच न झाल्याने अनर्थ वाढला. परंतु काही जीवांस पावडर मारीत नाही, हे आम्ही वर सांगितलेच. पावडर नळाच्या टाकीत पडते. झिऱ्यावरची घागर, डोहात पोहणारी पोरे, ओढ्यात भांडी घासणारी सून, यांच्यापर्यंत ती पोहोचत नाही. आणि कधी पावडर संपते, कधी वीज जाते, कधी मनुष्य विसरतो. चोर येऊ नये म्हणून दाराला कडी असते. म्हणून कोणी घराची भिंत पाडून ठेवीत नाही.

परंतु या सर्व सबबींच्या मुळाशी एक खोल गोष्ट आहे, ती आता बोलली पाहिजे. आपल्या मराठीत "खालचा" या शब्दाचे दोन अर्थ आहेत. जो उताराच्या खाली राहतो तो खालचा, आणि ज्यास लोक हलका लेखतात तोही खालचा. हे दोन अर्थ एकत्र आले ते उगीच नव्हे. अनेक गावांत ओढ्याचा वरचा पाणवठा मानाच्या लोकांचा, आणि खालचा ज्यांस अस्पृश्य म्हणत त्यांचा, अशी रीत होती. वर धुणे, वर अंघोळी, वर जनावरे. आणि जे उरेल ते खाली. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. ज्या तळ्यावर जनावरांस मज्जाव नव्हता तेथे माणसांस होता; आणि २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी तेथील पाणी प्यायले, तेव्हा मागाहून दही, दूध, गोमूत्र व शेण यांच्या १०८ घागरी त्यात ओतून तळे "शुद्ध" करण्यात आले. १९३७ साली मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्या पाण्यावरील सर्वांचा हक्क मान्य केला. माणसाच्या ओंजळीने पाणी बाटते आणि शेणाने ते शुद्ध होते, असे मानणाऱ्या समाजात आपले आजे-पणजे वाढले.

आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे त्या खालच्या पाणवठ्याची आहेत. वरून येणारे पाणी पिणे म्हणजे काय, हे त्यांस कोणी शिकवावयास नको. त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या पोटांनी ते जाणले आहे. आज त्यांपैकी काहींच्या दारी गाई आहेत, थोडी जमीन आहे, आणि त्यांच्या उताराच्या खाली दुसरी कोणाची तरी झोपडी आहे: ऊसतोडीहून परतलेल्यांची, मेंढपाळांची, वीटभट्टीवरच्या मजुरांची. तर मग ज्यांच्या आजोबांस वरच्यांनी गढूळ पाणी पाजले, त्यांच्या नातवांनी आपल्या खालच्यांस शेणाचे पाणी पाजावे काय? यहेज्केल संदेष्ट्याच्या चौतिसाव्या अध्यायात कळपातील धष्टपुष्ट मेंढरांवर जो ठपका ठेविला आहे तो हाच, की त्यांनी स्वतः निर्मळ पाणी प्यावे आणि मागे उरलेले पायांनी गढूळ करून दुबळ्यांसाठी सोडावे. ओढा मोठा चमत्कारिक शिक्षक आहे. प्रत्येक जण त्याच्यावर कोणाच्या तरी खाली असतो आणि कोणाच्या तरी वर. वरच्याकडून आपणांस जे हवे असते, तेच खालच्यास आपल्याकडून हवे असते. खालच्याचे नाव आपणांस ठाऊक नसेल, त्याची जात, त्याचा धर्म आपणांस ठाऊक नसेल. परंतु पाण्याने त्यास आपला शेजारी केले आहे, आणि हे शेजारपण नाकारण्याचा अधिकार आपल्या हाती नाही.

येथे न्यायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे गरिबावर ओझे लादणारे ठरेल. ज्याची जमीनच ओढ्याच्या काठी दोन गुंठे आहे, त्याने उकिरडा लांब कोठे न्यावा? भिंत, पत्रा, सिमेंट यांस पैसा लागतो. वरच्याने स्वच्छता राखावी आणि तिचा लाभ खालच्याने फुकट घ्यावा, हेही नीट नव्हे. अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराने या अडचणीतून जो मार्ग काढला तो विचार करण्याजोगा आहे. त्या शहराच्या ऐंशी लाखांहून अधिक लोकांस मिळणारे बहुतेक पाणी दूरच्या कॅट्सकिल नावाच्या डोंगराळ मुलखातून येते, आणि त्या मुलखात गाई पाळणारे शेतकरी राहतात. १९९० नंतरच्या वर्षांत शहरापुढे प्रश्न पडला की अब्जावधी डॉलर खर्चून पाणी गाळण्याचा कारखाना बांधावा, की पाणी जेथून येते तेथेच ते निर्मळ राखावे. शेतकऱ्यांवर नुसते हुकूम सोडावेत तर ते रुष्ट झाले. शेवटी असे ठरले की शेतकऱ्यांनी आपल्या खुशीने सामील व्हावे आणि खर्च शहराने द्यावा: ओढ्याकाठी कुंपण, जनावरांस ओलांडावयास पूल, खत साठविण्याची पक्की जागा, काठावर झाडे. १९९७ साली शहर व डोंगरातील गावे यांच्यामध्ये मोठा करार झाला, आणि त्या डोंगरांतून येणारे पाणी गाळणीचा कारखाना न बांधता शहर पीत आले आहे. यात बोध हा की वरच्याने सावध राहावे, आणि खालच्याने त्याच्या सावधपणाची किंमत ओळखावी. उपकार व हुकूम या दोहोंपेक्षा करार बरा, कारण करारात दोघेही उभे राहून बोलतात.

आपल्या खेड्यात एवढा पैसा नाही, हे खरे. परंतु आपले काम फार कमी पैशांत होण्याजोगे आहे. आम्ही येथे तेवढेच सांगतो जे एका कुटुंबास किंवा एका मंडळीस करिता येईल.

पहिली गोष्ट, उकिरडा ओढ्याच्या व विहिरीच्या वरच्या उतारावर नसावा. उंच व कोरड्या जागी, जितका दूर नेता येईल तितका न्यावा. त्याच्या वरच्या बाजूस मातीचा लहानसा ताल घालावा, म्हणजे पावसाचे पाणी उकिरड्यात शिरणार नाही. आणि मृग निघण्यापूर्वी वर पाचटाचे किंवा पालाचे छप्पर करावे. यात शेतकऱ्याचाही लाभ आहे, कारण पाण्याबरोबर जे काळे पाणी वाहून जाते तेच खताचे सत्त्व होय. जो आपला उकिरडा धुवून जाऊ देतो तो खालच्यास आजार देतो व स्वतःच्या शेतास उपाशी ठेवितो.

दुसरी गोष्ट, शेणाचे खत नीट करावे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे पांढरीपांडे, ज्यांस लोक नाडेपकाका म्हणत, यांनी एक सोपी रीत काढली आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असे विटांचे हौदासारखे बांधकाम करावयाचे, भिंतींत हवेसाठी भोके ठेवावयाची, आणि त्यात पालापाचोळा, शेण व माती यांचे थर द्यावयाचे. तीन-चार महिन्यांत खत तयार होते, आणि सुमारे शंभर किलो शेण एका भरणीस पुरते. ज्याच्याकडे दोन-तीन जनावरे आहेत त्यास गोबर गॅसही करिता येईल. रोज पंचवीस किलो शेण असले म्हणजे लहान संयंत्र चालते. मात्र त्यातून निघणारी मळी ओढ्यात सोडली तर सगळे मुसळ केरात. ती शेतातच गेली पाहिजे.

तिसरी गोष्ट, जनावरांस ओढ्यात उतरवू नये. पूर्वी विहिरीजवळ दगडी हाळ असे, आणि गुरे हाळावर पाणी पीत. ती जुनी चाल उत्तम होती. ती पुन्हा सुरू करावी. ओढ्याच्या काठाने काही हात रुंदीची पट्टी न नांगरता ठेवून तीत मारवेल किंवा वाळा लावावा. गवत वाहत्या पाण्याचा वेग मोडते, माती व शेण अडविते, आणि शिवाय चाराही होतो.

चौथी गोष्ट, शेतात शेणखत टाकल्यावर त्याचे ढीग पावसाची वाट पाहत पडू देऊ नयेत. ज्या दिवशी पसरावे त्याच दिवशी कुळवाने मातीत मिसळावे. उताराच्या शेतात तर हे अवश्य करावे. पहिल्या मोठ्या पावसात जे वाहून जाते ते बहुधा असेच उघडे पडलेले असते.

पाचवी गोष्ट, पाणी तपासावे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनात प्रत्येक गावातील पाच स्त्रियांस पाणी तपासावयास शिकविण्याचे ठरले. आमच्या मंडळ्यांतील भगिनींनी या कामात पुढे व्हावे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींच्या पाणवठ्यांची पाहणी करून त्यांस लाल, पिवळे अथवा हिरवे कार्ड देण्याची पद्धत आहे. आपल्या गावास कोणते कार्ड मिळाले व का, हे ग्रामसभेत विचारण्याचा अधिकार प्रत्येकास आहे. आणि ज्याची जागाच ओढ्याकाठी आहे त्याच्यासाठी पंचायतीने उंचावर सामाईक खताची जागा द्यावी, अशी मागणी त्या एकट्याने नव्हे तर सर्वांनी मिळून करावी. पावसाळ्याच्या आरंभी लहान मुलांस पाणी उकळूनच द्यावे, हे तर निराळे सांगावयास नको.

आमच्या उपदेशक बंधूंस विशेष सांगणे हे की या विषयात भांडण लावू नये. अमक्याच्या उकिरड्याने आमचे पाणी नासले, असा बोभाटा केल्याने उकिरडा हलत नाही, मने मात्र दुरावतात. ओढ्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत एकदा पायी जावे. बरोबर वरच्या वस्तीचा एक व खालच्या वस्तीचा एक मनुष्य घ्यावा, मग ते कोणत्याही जातीधर्माचे असोत. आणि पाणी कोठे कोठे मिळते ते दोघांस दाखवावे. ज्याने खालची घागर एकदा डोळ्यांनी पाहिली, त्यास फार समजावावे लागत नाही. आणि सुरुवात आपल्याच दावणीपासून करावी. ज्याचा स्वतःचा उकिरडा ओढ्यात वाहतो त्याचा उपदेश कोणी ऐकत नाही.

आरंभी जो प्रश्न केला त्याचे आमचे उत्तर आता देतो. मनुष्याची मालकी बांधापाशी संपते, परंतु त्याचा जाब तेथे संपत नाही. ज्या पाण्यास त्याचा हात लागतो ते पाणी जेथवर जाते तेथवर त्याचा जाब जातो. नकळत जे झाले त्याची क्षमा आहे. कळूनही जे चालू राहते त्यास ती सबब पुरत नाही. मृग नक्षत्रास अद्याप अवकाश असेल तेव्हाच चार पाट्या माती उचलून ताल घालावा. ओढ्यास पाणी आल्यावर तो कोणासाठी थांबत नाही.